मोशन कॅप्चरचं टेंडर: जे लिहिलं नाही, ते येत नाही

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा एसटीत रेंज गेली, त्यांच्यासाठी हा लेखी स्वरूपात. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" निम्मे काढलेत.

आजचा विषय आहे सरकारी खरेदी. थांबा, लगेच पुढच्या भागावर जाऊ नका. खरेदी कशाची, तर मोशन कॅप्चरची. माणसाची हालचाल मोजून ती जशीच्या तशी कॉम्प्युटरमध्ये उतरवणारी यंत्रणा. सिनेमात आणि गेममध्ये तुम्ही ती पाहिलीय, पण व्हर्च्युअल रिॲलिटीवर संशोधन करणाऱ्यांनाही ती लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळानं ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि एक्सआरचं धोरण मंजूर केलं, २०५० पर्यंतचा आराखडा, ३,२६८ कोटींचा. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीजचा पहिला कॅम्पस सुरू झाला. म्हणजे येत्या काही वर्षांत सरकारी पैशातून अशी यंत्रं येणार. ती चालतील की प्लॅस्टिकच्या कव्हरखाली झोपतील, हे बऱ्याच अंशी एका कंटाळवाण्या कागदावर ठरतं. त्या कागदाबद्दल बोलू.

आधी यंत्र समजून घेऊ

मुख्य प्रकार दोन. पहिला ऑप्टिकल. खोलीच्या चारी बाजूंना वर कॅमेरे लावलेले असतात आणि प्रत्येक कॅमेऱ्याभोवती इन्फ्रारेड दिव्यांचं कडं असतं. माणसाच्या अंगावर छोटे चमकदार गोळे चिकटवतात, त्यांना मार्कर म्हणतात. गोळा प्रकाश परत कॅमेऱ्याकडेच फेकतो. एकच गोळा किमान दोन कॅमेऱ्यांना एकाच वेळी दिसला की त्रिकोणमितीनं त्याची खोलीतली जागा काढता येते. दहावीत डोंगराची उंची काढायचं गणित केलंत ना, तेच, फक्त सेकंदाला शेकडो वेळा. इंग्लंडची व्हायकॉन, अमेरिकेची ऑप्टीट्रॅक, स्वीडनची क्वालिसिस ही यातली नेहमी ऐकू येणारी नावं.

दुसरा प्रकार इनर्शियल. यात कॅमेरा नाही. अंगावर पट्ट्यांनी किंवा सूटमध्ये छोटे सेन्सर बसवतात. तुमच्या फोनमध्ये स्क्रीन आडवी-उभी करणारा जो सेन्सर असतो, त्याचेच हे जास्त शहाणे भाऊ. नेदरलँड्सची एक्ससेन्स, चीनची नॉइटम या कंपन्या यात आहेत.

मग व्हीआर हेडसेटला हे कशाला? त्याचे स्वतःचे कॅमेरे असतातच. बरोबर, पण ते मुख्यतः डोकं आणि हात ओळखतात. कंबर किती वळली, टाच कधी टेकली, गुडघा किती वाकला, हे मोजमाप म्हणून हवं असेल तर हेडसेट पुरत नाही. आणि संशोधनात अंदाज चालत नाही, मोजमाप लागतं.

दोन फड

आता आपल्या भागात येऊ. जुन्नर-आंबेगावात या यंत्राचा उपयोग काय, असं एका श्रोत्यानं विचारलं होतं. मला लगेच दोन उपयोग सुचले, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे शब्द एकच आहे: फड.

एक तमाशाचा फड. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. हंगामाच्या आधी इथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपाऱ्या द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. लावणीतलं पदन्यासाचं ज्ञान बहुतेक पाहून-पाहून पुढच्या पिढीकडे जातं. ते मोजून ठेवलं, तर हेडसेट घालून एखादी मुलगी नाचणारीच्या शेजारी उभी राहून शिकू शकेल, मागून, बाजूनं, पायाजवळ बसून पाहू शकेल. व्हिडिओत कॅमेऱ्यानं जे दाखवलं तेवढंच दिसतं.

दुसरा उसाचा फड. जुन्नरला विघ्नहर, आंबेगावला भीमाशंकर, असे दोन साखर कारखाने. हंगामात तोडणीला टोळ्या येतात. कोयता चालवताना पाठ किती वेळा वाकते, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढताना मणक्यावर काय येतं, हे मोजून व्हीआरमध्ये कमी त्रासाची पद्धत शिकवता येईल का? हाही चांगला संशोधनाचा विषय आहे.

आता बघा. दोन्ही कामांना "मोशन कॅप्चर यंत्रणा" हवी, पण यंत्र एक नाही. उसाच्या फडात ऑप्टिकल यंत्रणा नेलीत तर उन्हातला इन्फ्रारेड कॅमेऱ्यांना आंधळं करेल. तिथं इनर्शियल सूट हवा. त्यातही कोयता आणि ट्रॉली लोखंडाची. लोखंड जवळ आलं की सेन्सरमधला चुंबकीय भाग गोंधळतो, म्हणून लोखंडाजवळ टिकणारा सूट हवा.

लावणीला उलट. तिथं पायाची नेमकी जागा हवी, आणि इनर्शियल सूट सांध्यांचे कोन चांगले देतो, पण माणूस खोलीत नक्की कुठे आहे यात हळूहळू घसरतो. म्हणून ऑप्टिकल. पण नऊवारीच्या काठाची जर चमकते, घुंगरू पितळेचे, तेही चमकतात. कॅमेऱ्याला ते सगळे मार्करच वाटतात! शिवाय नऊवारीच्या घोळात गुडघ्याचा मार्कर लपतो. म्हणजे कॅमेरे जास्त हवेत, काही खाली, पायाच्या उंचीवर हवेत. आणि वेगाचं गणित: पाय सेकंदाला ३ मीटर वेगानं खाली आला असं धरू. कॅमेरा सेकंदाला ६० फ्रेम घेत असेल तर दोन फ्रेमच्या मध्ये पाय ५ सेंटीमीटर सरकला. २४० फ्रेम घेत असेल तर सव्वा सेंटीमीटर. ५ सेंटीमीटरमध्ये लावणीचा अख्खा ठेका निसटतो.

हे सगळं तपशिलात सांगितलं, कारण टेंडर लिहिणाऱ्याच्या डोक्यात हेच असायला हवं.

दोन लिफाफे

कल्पना करू की मंचरजवळच्या अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालयानं लावणीसाठी अशी लॅब करायची ठरवली. (त्यांनी ठरवलंय असं मी म्हणत नाहीये, फक्त उदाहरण. आपल्या जवळचं सरकारी कॉलेज म्हणून.) राज्याचं कॉलेज असल्यामुळे त्याला राज्याचे नियम. उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातली खरेदीची नियमपुस्तिका, आणि महाटेंडर्स पोर्टल. हेच काम पुण्याच्या आयसरनं काढलं तर केंद्राचे नियम, म्हणजे सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७, आणि २०१६ साली सुरू झालेलं जेम पोर्टल. कागद वेगळे, सांगाडा साधारण तोच.

मोठ्या खरेदीत कंपनी दोन लिफाफे देते. पूर्वी खरंच लाखेचे लिफाफे असायचे, आता पीडीएफ. पहिला तांत्रिक: आमचं यंत्र तुमच्या अटींत बसतं. दुसरा आर्थिक: किंमत. आधी फक्त पहिला उघडतात. अटींत बसला तो पास, नाही बसला तो बाद. मग पास झालेल्यांचेच दर उघडतात, आणि ज्याचा देकार सर्वांत कमी तो एल-वन. पुरवठा आदेश त्याला.

इथं एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पहिल्या लिफाफ्यात मार्क नसतात, पास-नापास असतं. ३५ वाला आणि ९५ वाला दोघंही पास, आणि पुढं फक्त किंमत. म्हणून "सरकारी खरेदीत स्वस्त माल येतो" हे वाक्य मला अर्धवट वाटतं. अटींत बसणारा सर्वांत स्वस्त माल येतो. आता अट कुणी लिहिली? कॉलेजनंच. निर्णय दर उघडतात त्या दिवशी होत नाही. कुणीतरी सर किंवा मॅडम दोन महिने आधी वर्डमध्ये टेबल बनवतात, तेव्हाच तो झालेला असतो.

वाईट अट कशी दिसते? "यंत्रणा उच्च दर्जाची व अचूक असावी." याला कुठलीही कंपनी "हो" लिहून देईल. चांगली अट अशी: "५ बाय ५ मीटर जागेत, ज्या काठीच्या दोन टोकांच्या मार्करमधलं अंतर माहीत आहे अशी काठी आमच्या खोलीत सगळीकडे फिरवली, तर यंत्रणेनं दाखवलेल्या अंतरात अमुक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक येऊ नये. ही चाचणी बसवल्यानंतर आमच्यासमोर करून दाखवावी, त्यानंतरच बिल." काठी खोटं बोलत नाही. कोपऱ्यात नेल्यावर तिची लांबी बदलली तर यंत्र कोपऱ्यात कमी पडतंय, विषय संपला.

दुसरी चाचणी तुम्हीही करू शकता. व्हीआरमध्ये तुम्ही हललात आणि चित्र उशिरा हललं तर मळमळतं. हा उशीर साधारण २० मिलिसेकंदांच्या आत हवा असं मानतात. मोजायचा कसा? फोनचा स्लो मोशन २४० फ्रेमवर ठेवा. खरा हात आणि स्क्रीनवरचा हात एकाच चौकटीत घ्या, हात झटका द्या, आणि मधल्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. १२ फ्रेमचा फरक आला तर ५० मिलिसेकंद. यात स्क्रीनचा स्वतःचा उशीरही धरला जातो, पण वापरणाऱ्याला तोही भोगावाच लागतो. लाखोंच्या यंत्राची ढोबळ परीक्षा खिशातल्या फोननं होते, हे मला फार आवडतं.

खोली, लायसन्स, मार्च

आता टेंडरमध्ये हमखास विसरतात त्या गोष्टी. पहिली, खोली. सरकारी इमारतीत मोठ्या खिडक्या आणि चकचकीत पॉलिशची फरशी. राहायला छान, ऑप्टिकल कॅमेऱ्याला शाप. ऊन आत आलं की इन्फ्रारेड आलं, फरशीत मार्करची प्रतिबिंबं, कोपऱ्यातलं स्टीलचं कपाट चमकतंय. काळे पडदे, मॅट फ्लोअरिंग, कॅमेरे धरायला न हलणारी चौकट, यूपीएस. हे सगळं "सिव्हिल वर्क" म्हणून दुसऱ्या फाइलमध्ये जातं, आणि ती फाइल मागं राहते. कॅमेरे फेब्रुवारीत येतात, पडदे पावसाळ्यात.

त्यात वॉरंटी "माल पोहोचल्याच्या तारखेपासून" अशी लिहिलेली असेल तर ती खोक्यातच संपायला लागते. "यशस्वी स्थापना आणि चाचणीच्या तारखेपासून" असं लिहायला फक्त दोन शब्द जास्त लागतात.

दुसरी, सॉफ्टवेअर. माझा धंदाच हा असल्यामुळे इथं जरा जास्त बोलतो. कॅमेरा विकत मिळतो, पण त्यातून हाडांचा सांगाडा बनवणारं सॉफ्टवेअर बऱ्याचदा लायसन्सवर असतं. कायमचं की वर्षाचं? किती कॉम्प्युटरवर? युनिटी आणि अनरियलमध्ये थेट डेटा जाईल का? डेटा सी-थ्री-डी, बीव्हीएच, एफबीएक्स अशा सर्वांना वाचता येणाऱ्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढता येईल का? बीटेक करताना मी एक लॅब पाहिलीय, कुठली ते सांगत नाही. तिथं महागडं मशीन व्यवस्थित होतं, फक्त लायसन्सचं वर्ष संपलं होतं आणि नूतनीकरणाला बजेटमध्ये हेडच नव्हतं. यंत्र खरेदी होतं भांडवली खर्चातून, लायसन्स चालतं आवर्ती खर्चातून, आणि दोन्ही खिसे वेगळे. आम्ही चार वर्षं ते मशीन डेड स्टॉक रजिस्टरमध्ये पाहिलं. म्हणून शहाणे लोक पहिल्याच टेंडरमध्ये पाच वर्षांचं लायसन्स आणि देखभाल मागून घेतात. एल-वन ठरवताना तो खर्च आत धरला जातो, नंतर भीक मागावी लागत नाही.

मार्कर, चिकटपट्टी, सूट या किरकोळ गोष्टीही आल्या. मार्कर हरवतात, गोळा पायाखाली गेला की संपला. सूट एकाच मापाचे मागवले तर लॅबमधल्या निम्म्या मुली प्रयोगातून बाहेर.

आणि मार्च एंड. ३१ मार्चच्या आत पैसे खर्च झाले नाहीत तर परत जातात. बाहेरून येणाऱ्या यंत्राला काही महिने लागतात. मग जे लवकर मिळतं ते घेतलं जातं, जे हवं ते नाही.

उलट्या बाजूची चूक

सैल अट लिहिली तर भंगार येतं, हे झालं. पण अट फार घट्ट लिहिली तरी घोटाळा. एखाद्या कंपनीचा ब्रोशर समोर ठेवून तिच्या कॅमेऱ्याचं वजन, लेन्सचा कोन, रिझोल्यूशन दशांशापर्यंत उतरवलं की टेंडर नावाला सगळ्यांसाठी खुलं, प्रत्यक्षात एकाच कंपनीचं. केंद्राच्या नियमांतही स्पष्ट आहे की गरज नेमकी लिहा, पण अनावश्यक वैशिष्ट्यं घालून खर्च वाढवू नका.

ओळखायचं कसं? "का?" विचारायचं. "२०० किंवा जास्त फ्रेम का?" "कारण ठेका निसटतो." हे उत्तर आहे. "कॅमेऱ्याचं वजन अमुक ग्रॅमच का?" याला उत्तर नसेल तर समजून जा. यासाठीच प्री-बिड मीटिंग असते. तिथं कंपन्या हेच प्रश्न विचारतात आणि मग शुद्धिपत्रक निघतं. शुद्धिपत्रक निघालं की लोक कुजबुजतात, "काहीतरी शिजतंय." मला तर अनेकदा ती चांगली खूण वाटते, कुणीतरी प्रश्न विचारला आणि कुणीतरी ऐकला. एकाच कंपनीकडून घेणं नेहमीच चूक असतं असंही नाही. आधीचे आठ कॅमेरे एका कंपनीचे असतील तर नववा तिचाच लागणार. नियमांत त्यासाठी वेगळी वाट आहे, फक्त कारण लेखी द्यावं लागतं.

केंद्रीय संस्थांना अजून एक गाठ सोडवावी लागते. मेक इन इंडियाच्या आदेशानुसार ज्या मालात ५० टक्के किंवा जास्त स्थानिक मूल्य आहे त्याला प्राधान्य, २० ते ५० टक्केवाला दुसऱ्या वर्गात, आणि २०० कोटींच्या आतल्या खरेदीसाठी एरवी जागतिक टेंडर काढता येत नाही. नुसता बाहेरचा कॅमेरा आणून इथं बसवून दिला आणि ट्रेनिंग दिलं, तर ते स्थानिक मूल्य धरलं जात नाही. जुलै २०२० पासून जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतल्या बोलीदारांना आधी नोंदणी सक्तीची, म्हणजे चिनी कंपनीला थेट बोली लावणं अवघड. उद्देश पटतो. पण वर सांगितलेली ऑप्टिकलची सगळी नावं परदेशी आहेत, आणि एका लॅबला आठ कॅमेरे हवेत म्हणून कुणी भारतात कारखाना टाकत नाही. शास्त्रज्ञांची ही तक्रार जुनी होती. जून २०२५ मध्ये केंद्रानं वैज्ञानिक संस्थांसाठी नियम सैल केले: दरपत्रकाशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख, खरेदी समितीमार्फत २५ लाखांपर्यंत, आणि २०० कोटींपर्यंतच्या जागतिक टेंडरची परवानगी संस्थेचे संचालक किंवा कुलगुरूच देऊ शकतात. पण ही सवलत केंद्राच्या संस्थांना. अवसरीला तिचा आपोआप फायदा नाही.

विकत न घेता

अजून एक वाट आहे. खोडदच्या जीएमआरटीच्या अँटेना तुम्ही नारायणगावच्या रस्त्यावरून पाहिल्या असतील. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. गोविंद स्वरूप यांच्या गटानं त्या परदेशातून मागवल्या नाहीत. भरीव पत्र्याऐवजी स्टीलच्या बारीक तारांची जाळी, ताणलेल्या दोरांच्या सांगाड्यावर, अशी रचना इथंच केली. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका चालतो, म्हणून स्वस्त. ज्या लहरी पकडायच्या होत्या त्यांना गुळगुळीत पत्रा लागतच नव्हता. गरज नेमकी कळली की अट बदलते, आणि अट बदलली की किंमत बदलते.

मोशन कॅप्चरमध्ये आज तसंच काहीसं चाललंय. मार्कर न लावता, साध्या व्हिडिओवरून सांगाडा काढणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. गुगलचं मीडियापाइप फोनवर चालतं. स्टॅनफर्डचं ओपनकॅप दोन आयफोनवरून सांध्यांचे कोन काढतं. मिलिमीटरची अचूकता नाही, नऊवारीत तर अजून अवघड. पण ऊसतोडणीत पाठ ढोबळमानानं किती वाकते याचा पहिला अभ्यास यावर होऊ शकतो. माझं मत असं की कुठल्याही कॉलेजनं आधी सहा महिने यावर काम करावं. कुठं कमी पडतंय ते कळलं की टेंडरची अट आपोआप लिहिता येते, ब्रोशर बघायची गरज नाही.

शेवटी ज्यांना उत्सुकता आहे त्यांच्यासाठी. ही टेंडरं गुपित नसतात. केंद्राचं ई-प्रोक्युअर, राज्याचं महाटेंडर्स आणि जेमवरच्या चालू बिड लॉगिन न करता फोनवर शोधता येतात. "मोशन कॅप्चर" इंग्रजीत टाका, एखादं सापडलं तर तांत्रिक अटींचं पान उघडा. चाचणी कुठं करणार, वॉरंटी कधीपासून, लायसन्स किती वर्षांचं, खोली कोण तयार करणार, एवढंच शोधा. पुढच्या भागासाठी मला एक वाईट अट आणि एक चांगली अट पाठवा, संस्थेचं नाव झाकून. त्यातल्या दोन घेऊन बसू.